ज्यानं सोडला त्यानंच आवळायचा

मंगळवारपासून मास्तरांनी दुकानाचं तोंड पाहिलं नव्हतं. एक्कावन्न वर्षांत असं तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा मुलगा झाला तेव्हा, दुसऱ्यांदा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला तेव्हा. आणि त्या दोन्ही वेळी त्यांनी खाटेवर बसून कापड बेतलं होतं. या वेळी कात्रीसुद्धा मागितली नाही. रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्या आप्पांना म्हणाल्या, "दुकानावर पाटी लावून टाका. भाड्यानं देणे आहे म्हणून."

आप्पांचा कप बशीवर खडखडला. बायकोनं कटिंगचं काम सुरू केलं तेव्हापासून ते तिला मास्तरच म्हणत आले होते. आधी थट्टेनं, मग सवयीनं, आणि पुढे सगळी गल्लीच म्हणायला लागली म्हणून. मास्तरांनी एखादी गोष्ट ठरवली की ती कापून झालेली असे. कापलेलं कापड कुणी जोडायला घेतलं तर त्याच्याकडे त्या अशा बघत की तो सुई ठेवून निघून जाई.

"पाटी नंतर," आप्पा म्हणाले. "आधी सगळ्यांना गॅरेजात बोलावतो."

या घराची मोठी भांडणं गॅरेजातच होत आली आहेत. वाटणीचं झालं, मिस्त्रीच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नाचं झालं. घरात भांडलं तर शेजाऱ्यांना ऐकू जातं; गॅरेजात आवाज आला तर लोकांना वाटतं पत्रा ठोकतायत. घराच्या मागच्या दारातून उतार केला होता, त्यावरून मास्तरांची चाकाची खुर्ची थेट आत येई. रविवार म्हणून शटर अर्ध्यावर होतं. खालून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ती गाडी उभी होती, धुतलेली, चकचकीत, निर्लज्ज.

आप्पा तिच्याकडे बघायचं टाळत होते. वर्षापूर्वी हौसेनं त्यांनीच घेतली होती. नातीच्या कंपनीची गाडी. कंपनीतल्या माणसाला सवलत, म्हणून नातीच्याच नावावर. हिची चालकाशेजारची सीट बटण दाबलं की बाहेर वळायची, खाली यायची आणि चाकाच्या खुर्चीच्या बरोबरीला येऊन थांबायची. मास्तर दोन्ही हातांवर जोर देऊन इकडून तिकडे स्वतः सरकत. पाय काढल्यावर शुद्धीवर येताच त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "मला पोत्यासारखं कुणी उचलायचं नाही. रांगत जाईन, पण उचलायचं नाही." वर्षभर त्या सीटनं तो शब्द पाळला.

मंगळवारी बाजारातून परतल्यावर, दुपारी बाराच्या ठोक्याला, दुकानासमोर, ती अर्धी वळलेली आणि अर्धी उतरलेली असताना थांबली. पडद्यावर अक्षरं आली: आपल्या आसन सुविधेची मोफत मुदत संपली आहे, सुरू ठेवण्यासाठी वर्गणी भरा. मोटर शाबूत, तार शाबूत, बॅटरी भरलेली. सगळं शाबूत आणि बाई हवेत. खाली तीन फूट, आत जायला जागा नाही. कपडे गुडघ्यावर सरकलेले, अर्धा पाय उघडा, मागे भोंगे, समोर दुकानाच्या काचेआड स्वतःचीच गिऱ्हाइकं. खातं नातीच्या नावावर आणि नातीचा फोन बंद. आप्पा चाळीस मिनिटं पडद्यावर बोटं आपटत राहिले. शेवटी समोरचा कुलूपवाला आणि शिलाईच्या दोन मुली धावल्या आणि मास्तरांना बगलेत हात घालून उचललं. पोत्यासारखं.

त्यानंतर मास्तर कुणालाच काही बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं.

"सगळे आले ना?" मिस्त्रीनं विचारलं. गॅरेज आता तोच चालवत होता आणि मिस्त्री ही पदवीही बापाकडून त्याच्याकडे आली होती. त्यानं हातात पक्कड आधीच घेतलेली होती. "मग मला चर्चा नकोय. मी सीटखालची तार कापतो, सरळ बॅटरीवर घेतो, डॅशबोर्डला साधं बटण बसवतो. वीस मिनिटं. मोटर आपली, तार आपली, बटण आपलं. त्या कंपनीला विचारतो कोण!"

"आणि मग कंपनीला कळलं की?" त्याची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही बेरीज चुकू द्यायची नाही. "गाडीतलं काही उघडलं की त्यांना तिकडे बसल्या जागी दिसतं. गाडी कुणाच्या नावावर आहे? तुमच्या मुलीच्या. नोकरीला दोन वर्षं नाही झाली तिच्या. अहो, महिन्याची वर्गणी आहे. भरून टाकू आणि विषय संपवू."

"भरून टाकू? विकत घेतलेल्या खुर्चीचं भाडं?"

"हो! आईंच्या सोयीसाठी. तुमच्या रागासाठी आईंनी घरात बसायचं का?"

"माझ्या रागासाठी? तिला रस्त्यात लटकवली मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मी वर्षापूर्वी सांगितलं होतं, साधी गाडी घ्या, मी फिरती सीट वेल्डिंग करून देतो. तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं. आप्पा, तुम्हीसुद्धा. लेकीच्या कंपनीची गाडी! नाकापेक्षा मोती जड झाला तो झाला, वर नाकच कापून घेतलं."

आप्पांनी मान खाली घातली. खरंच हसले होते ते.

हे सगळं होईपर्यंत नात टायरांच्या ढिगाशी उभी होती. तिला घरात चिमटी म्हणत. पाच वर्षांची असताना इंजिनात पडलेला नटाखालचा वायसर कुणाच्याच बोटाला लागत नसे, तेव्हा आप्पा तिला उचलून बॉनेटवर धरायचे आणि ती दोन बोटांनी तो अलगद काढून द्यायची. त्या बोटांवरच तिचं शिक्षण झालं असं आप्पा चारचौघांत सांगायचे. मंगळवारपासून ती नोकरीसाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीतून इथे तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा आजीच्या दारातूनच परत गेली होती. बोलायचं होतं, पण ज्या माणसाची बाजू घ्यायला आई उभी राहिली आहे त्यानं तोंड उघडायचं कसं?

मिस्त्रीनं गाडीचं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि मंगळवारी हातानं ढकलून आत बसवलेल्या सीटखाली हात घातला.

"थांब," आप्पा म्हणाले.

"आप्पा, प्लीज."

"थांब म्हटलं ना. नट कुणी सोडलाय ते कळल्याशिवाय त्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. गॅरेज माझं आहे अजून."

आप्पांच्या गॅरेजचा एकच नियम होता: ज्यानं नट सोडला त्यानंच आवळायचा, आणि आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आपल्या हातानं. उमेदीच्या काळात एका गाडीचं चाक त्यांनी सोडलं होतं आणि जेवायला गेले होते. भागीदाराला वाटलं आप्पांनी आवळलं, आप्पांना वाटलं भागीदारानं. चाक चढणीवर निघालं. माणसं वाचली, भागीदारी वाचली नाही. तेव्हापासून पिवळा डबा आणि ब्रश दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे आणि ठिपक्याशिवाय गाडी बाहेर जात नसे.

"इथे कुणी सोडला?" मिस्त्री कडवट हसला. "कंपनीनं सोडला. कंपनीला बोलवा आवळायला."

"मी सोडलाय," चिमटी म्हणाली.

आई गर्रकन वळली. "तू गप्प बस."

"नाही आई. मुदत संपली की मोटरला जाणारा हुकूम बंद करायचा, प्रोग्रॅममधली ती ओळ मी लिहिली आहे. माझ्या टेबलावर, माझ्या हातानं. सीट कुठे आहे, त्यावर माणूस आहे का, हे आधी बघायला हवं होतं. मी नाही बघितलं. आम्ही चाचणी घेतली ती रिकाम्या सीटवर. एकदा वाळूची पिशवी ठेवली होती." तिचा आवाज फाटला. "आणि मुदत संपत आल्याचे निरोपही माझ्याच फोनवर येत होते. दहा वेळा आले. तो निरोपही मीच लिहिलाय, दिवसाला शंभर वेळा चाचणीचा म्हणून येतो. मला वाटलं तसलाच आहे. मी बोटानं पुसून टाकला."



हातातली पक्कड मिस्त्रीनं कुठे फेकली ते त्याला नंतर आठवलं नाही. पत्र्यावर आदळली एवढं खरं. "शिकवलं कशासाठी तुला? माझ्या आईला रस्त्यात टांगायला? पाच दिवस आम्ही त्या कंपनीला शिव्या घालतोय आणि तू तिथे उभी राहून ऐकतेस! आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता कुणाला काय बोलायचं?"

"तिला बोला, मला बोला, पण हात उगारायचा नाही," बायको मध्ये आली. मग मुलीकडे वळून तिनंच दात ओठ खात विचारलं, "दहा वेळा? दहा?"

अर्ध्या मिनिटापूर्वी मुलीच्या पाठीशी उभी असलेली बाई आता नवऱ्याच्या शेजारी उभी होती. बाजू अशा बदलतात. चिमटीनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी तिच्याकडे नाही, खिळ्याला टांगलेल्या पिवळ्या डब्याकडे बघितलं.

"बुधवारीच साहेबांना लिहिलंय मी," ती म्हणाली. "सीट आत येऊन दार लागेपर्यंत बंद होऊ नये, एवढा बदल. उत्तर नाही आलं."

"मग विचार," मास्तर म्हणाल्या.

सकाळच्या त्या पाटीखेरीज मंगळवारनंतर त्या पहिल्यांदाच आपण होऊन बोलल्या होत्या. सगळे त्यांच्याकडे वळले. मांडीवर हात, खांदे ताठ, माप घेताना बसत तशा.

"आजी, आज रविवार—"

"मला रविवारी पाय फुटत नाही. लाव फोन. आणि मोठ्यानं लाव, सगळ्यांना ऐकू दे."

साहेबांनी चौथ्या घंटेला उचलला. मागे लहान मुलांचा दंगा ऐकू येत होता. "बोल गं. सुट्टीच्या दिवशी?"

"सर, बुधवारी सीटबद्दल लिहिलं होतं मी."

"वाचलं. पुढच्या वर्षीच्या यादीत टाकलंय."

"एका ओळीचं काम आहे, सर. अर्धा तास."

"काम अर्ध्या तासाचं, पण ते करायचं की नाही हे ठरवणारे आपण नाही ना." साहेबांचा आवाज समजुतीचा झाला. "हे बघ, या महिन्यात सतरा जणांच्या बाबतीत असं झालं. सोळा जणांनी दहा मिनिटांत वर्गणी भरली. घरी बसलेल्या माणसाला तू दहा निरोप पाठव, तो भरत नाही. रस्त्यात अडकला की लगेच भरतो. वरच्यांना हा आकडा फार आवडलाय. आता मी जाऊन सांगू का की आपण हे दुरुस्त करतोय?"

चिमटीच्या आईचा हात तोंडावर गेला. ज्या बेरजेवर ती विश्वास ठेवत आली होती तिच्यात असंही उत्तर निघू शकतं हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. सोळा. म्हणजे हे कुणाच्या हातून राहून गेलेलं नव्हतं. आता ते कुणाला तरी हवं होतं.

"सर," चिमटी म्हणाली, "त्या सतरांत माझी आजी होती."

"अरे देवा. मग आधी नाही का सांगायचंस? खातं तुझ्याच नावावर ना? थांब हं. एक मिनिट."

मिनिटही लागलं नाही. गाडीत टिंग वाजलं. सीटच्या कडेचा लाल दिवा हिरवा झाला.

"झालं बघ. आजन्म मोफत. आजींना माझा नमस्कार सांग, आणि ते लिहिणं वगैरे आता राहू दे. बरं दिसत नाही."

आप्पा खुर्चीवरून अर्धे उठले होते. हिरवा दिवा बघून त्यांच्या छातीत एकदम हलकं झालं, आणि तसं झालं याची त्यांना लगेच लाज वाटली. पण वाटलं होतं खरं. पाटी लावावी लागणार नाही. उद्या साडेनऊला दुकान उघडेल.

"मिळाली ना?" सून पुटपुटली. "घ्या. घेऊन टाका, आई."

मिस्त्रीनं जमिनीवरची पक्कड उचलली. त्याच्या वीस मिनिटांच्या कामाला त्या माणसानं मुलांशी खेळता खेळता एक बोट लावलं होतं.

"फोन इकडे दे," मास्तर म्हणाल्या.

त्यांनी फोन घेतला तो कानाला नाही, समोर धरला, मापाची वही धरावी तसा. "नमस्कार. मीच ती आजी."

पलीकडचा दंगा एकदम बंद झाला. साहेब बहुतेक दुसऱ्या खोलीत गेले. "नमस्कार, नमस्कार. मला माहीत नव्हतं तुम्ही ऐकताय. झाला त्रास मनावर घेऊ नका, आता तुमची सीट—"

"सतरांतल्या सोळा जणांनी भरले म्हणता. जिनं नाही भरले, ती मी."

"हो, पण आता तुम्हाला भरायचंच नाहीये."

"एक्कावन्न वर्षं मी कपडे शिवते. माझ्याही धंद्यात लबाड लोक आहेत. कापड चोरतात, अस्तर हलकं लावतात. पण गिऱ्हाईक भर रस्त्यात असताना त्याच्या कोटाची शिवण उसवायची आणि उघडा पडलास तर पैसे टाक म्हणायचं, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. चाळीस मिनिटं मी त्या रस्त्यावर उघडी होते. ज्या बायकांची मापं घेते त्यांनी माझा तुटका पाय बघितला. तुमच्या बोटात होतं. घरी बसून, पोरांशी खेळता खेळता, एका बोटात होतं!" शेवटच्या शब्दाला मास्तर ओरडल्या. पत्र्यानं तो आवाज परत दिला. "बंद करा ती सीट."

"बंद? अहो बाई, मोफत आहे."

"म्हणूनच. तुमच्या मेहेरबानीवर हलणाऱ्या खुर्चीवर मी बसत नाही. आज मन झालं म्हणून हिरवा, उद्या डोकं फिरलं की लाल. आणि मला गप्प करून पुढच्या महिन्यात आणखी सतरा लटकवाल. सगळ्यांचं नीट करा, मग माझं."

मग साहेब म्हणाले, पण मास्तरांशी नव्हे, "हे तू मुद्दाम ऐकवलंस घरच्यांना. ठीक आहे. उद्या ऑफिसात बोलू. येताना नोकरीचा जरा विचार करून ये."

"केला, सर," चिमटी म्हणाली. "उद्या आल्या आल्या ती ओळ मी बदलणार. माझ्या नावानं. तुम्हाला नको असेल तर तुम्ही परत घाला. तुमच्या नावानं."

फोन कट झाला.

"गेली," आई म्हणाली आणि टायरांच्या ढिगावर बसली. "गेली नोकरी. झालं समाधान सगळ्यांचं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात राग होता, आणि तो कुणावर आहे हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. मिस्त्री तिच्या शेजारी जाऊन बसला. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यासमोर एवढी लवकर हार कधी मानली नव्हती.

गाडीतला दिवा हिरवाच होता.

"त्यानं बंद नाही केली," मास्तर म्हणाल्या.

चिमटी गाडीपाशी गेली. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, अंधारात हात घातला. फ्यूजच्या त्या दाटीत मिस्त्रीचं बोट गेलं नसतं. तिनं दोन बोटांनी सीटचा फ्यूज चाचपला आणि उपटला. दिवा विझला. लाल नाही, हिरवा नाही.

"आता उचल मला," मास्तर म्हणाल्या.

कुणालाच आधी कळलं नाही. मग मिस्त्री उठून पुढे झाला. "आई, मी घेतो. ती बारीक आहे, तिला नाही जमायचं."

"तू सोडलायस का? हिनं सोडलाय." त्यांनी खुर्चीचे ब्रेक लावले. "ये. एक हात पाठीमागून, एक मांड्यांखालून. कपडे नीट धर, गुडघ्यावर जाता कामा नयेत."

चिमटी वाकली. आजी एवढी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तिच्या टेबलावर हे वजन फक्त एक आकडा होता, मोटरला पेलायचा. पहिल्यांदा उचललं ते वीतभर वर आलं आणि परत खुर्चीवर टेकलं. "पुन्हा," मास्तर म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि जबडा आवळलेला. दुसऱ्यांदा चिमटीचा गुडघा दारावर आपटला, पण तिनं सोडलं नाही. आजीचा श्वास तिच्या मानेवर गरम लागत होता, आणि आजी थरथरत होती, रागानं की लाजेनं ते विचारायची सोय नव्हती. उंच सीटवर तिनं तिला कशीबशी टेकवली, कपडे गुडघ्याखाली ओढले, एकदा, दोनदा, आणि मग तिथेच फुटबोर्डावर डोकं टेकून रडायला लागली.

मास्तरांनी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

थोड्या वेळानं चिमटी उठली, नाक पुसलं आणि सवयीनं खिळ्याकडे गेली. काम झालं की ठिपका, लहानपणापासूनची सवय. तिनं पिवळ्या डब्याला हात लावला तसा आप्पांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि परत टांगला.

"आवळून झाल्यावर," ते म्हणाले.

"साडेनऊला दुकान उघडतं," गाडीतून मास्तर म्हणाल्या. "उद्यापासून रोज सकाळी तू मला उतरवायचं, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. संध्याकाळी परत चढवायचं. ती ओळ बदलेपर्यंत."

"आजी, त्याला वर्ष लागेल. कदाचित बदलणारच नाहीत."

"मग दंड कमव, मला पेलण्याएवढे."

त्यांनी दार स्वतःच्या हातानं ओढून लावलं, काच खाली केली आणि आप्पांना म्हणाल्या, "शटर वर करा. आणि जाताना पाटीवाल्याकडे थांबा. मला एक पाटी हवी आहे, मोठ्या अक्षरांची. दुकानाच्या काचेत लावायची. त्यावर एवढंच लिहायचं, या गाडीच्या सीटवर तुम्हीही लटकला असाल तर आत या."